सुलतानांच्या दरबारांतील साकी

'साकी' हा शब्द मराठी कानांना दोन वाटांनीं परिचित आहे. संगीत नाटकें ऐकून वाढलेल्या पिढीला साकी म्हटली कीं दिंडीच्या शेजारीं बसणारी एक चाल आठवते; आणि माधव जूलियनांनीं मराठींत आणलेल्या उमर खय्यामाच्या रुबाया ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांना आठवतो तो सुरई हातीं घेऊन उभा असलेला, कवीच्या विलासाला आणि वैराग्याला सारखाच साक्षी असणारा सुकुमार तरुण. पहिल्या साकीशीं येथें कर्तव्य नाहीं. दुसऱ्याशीं आहे, परंतु तोही काव्यांतला नव्हे. काव्यांतल्या साकीला नांव नसतें, गांव नसतें, आणि पेला भरण्यापलीकडे त्याला दुसरा उद्योगही नसतो. इतिहासांतल्या साकीला नांव होतें, जहागीर होती, पदरीं घोडेस्वार होते. त्यानें खलीफाच्या खुनाला वाट करून दिली, सुलतान बसविले आणि उठविले, एका राणीचें पाणिग्रहणही केलें. आणि बहुतेक वेळां तो आपल्या अंथरुणावर मेला नाहीं.

इ. स. ८६१ च्या डिसेंबर महिन्यांतील एक रात्र. बगदादच्या उत्तरेस तैग्रिस नदीच्या कांठीं वसविलेल्या समर्रा या राजधानींत अब्बासी खलीफा मुतवक्किल आपल्या महालांत जिवलगांसह मद्यपानास बसला होता. रात्र बरीच झाली, तेव्हां बुघा नांवाचा तुर्की सरदार आंत आला आणि त्यानें मंडळींना उठावयास सांगितलें. खलीफाचा परममित्र फत्ह इब्न खाकान यानें हरकत घेतली. त्यावर बुघानें उत्तर केलें कीं, ठराविक प्रमाणापलीकडे पिणें झालें म्हणजे मजलशींत कोणास राहूं देऊं नये, अशी खुद्द खलीफाचीच आज्ञा आहे. मंडळी उठली. महालाचीं दारें एकामागून एक बंद झालीं. नदीकडचें तेवढें उघडें राहिलें, आणि त्याच दारानें नागव्या तलवारी घेऊन मारेकरी आंत शिरले. फत्हनें धन्याच्या अंगावर स्वतःला झोंकून दिलें. दोघेही तेथेंच ठार झाले. मागून खलीफाचा मुलगा मुंतसिर गादीवर बसला. अरबी इतिहासकार तबरी यानें हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवला आहे.

त्या काळीं बुघा नांवाचे दोन सरदार होते. त्यांतला हा धाकटा. आणि त्याची ओळख पटावी म्हणून इतिहासकार त्याच्या नांवापुढें 'अश्-शराबी' असें बिरुद लावतात, म्हणजे पेयांच्या खात्याचा अधिकारी. कटवाल्यांना त्याचा उपयोग काय होता हें ह्या बिरुदावरूनच ध्यानांत येतें. वजीर त्या वेळीं आंत येता तर खलीफानें मान वर करून पाहिलें असतें. सेनापति येता तर पहारेकरी सावध झाले असते. पण पिणें पुरे झालें, आतां निजावें, हें सांगण्याचा हक्क ज्याचा, तो बोलला तर त्यांत वावगें तें काय? त्या एका वाक्यानें खलीफाभोंवतींचें माणसांचें कुंपण उठलें. सात वर्षांनीं, ८६८ सालीं, खलीफा मुअतझ्झ याच्या हुकुमानें ह्या बुघाचेंही डोकें उडविण्यांत आलें.

ज्या धर्मांत मद्य निषिद्ध, त्याच धर्माच्या राजांच्या घरीं मद्य पाजणाऱ्याला एवढा मान कसा, असा प्रश्न येथें साहजिक उत्पन्न होतो. त्याचें एक उत्तर असें कीं, अरबी भाषेंत 'शराब' याचा मूळ अर्थ मद्य नव्हे. जें पितात तें शराब. ज्या धातूपासून तो शब्द निघाला, त्याच धातूपासून आपलें सरबतही निघालें. राजवाड्यांतील शराबखान्यांत फळांचे अर्क, साखरेचे पाक, गुलाबपाणी आणि औषधी काढे यांचा सांठा असे, आणि व्रतस्थ राजाच्या घरींही हें खातें तितकेंच मोठें असे. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादींत शरबतखाना आणि आबदारखाना यांचीं नांवें आहेत, तीं ह्याच परंपरेंतलीं. तीं वाचून कोणी छत्रपतींच्या घरीं मद्याचे बुधले शोधूं लागेल तर तो फसेल. दुसरें उत्तर इतकें गोड नाहीं. अनेक सुलतान पीत असत, उघड पीत असत, आणि म्हातारपणीं किंवा मोठ्या लढाईच्या आधीं समारंभपूर्वक पश्चात्ताप करीत असत. खजुराच्या आणि मनुकांच्या आंबवणीला 'नबीझ' म्हणून निराळें नांव देऊन तिच्याबद्दल कांहीं शास्त्र्यांची सवलतही मिळविलेली होती.

परंतु पेल्यांत काय आहे हा प्रश्न राजकारणाच्या दृष्टीनें दुय्यमच होय. तो पेला कोणाच्या हातांतून येतो, हा खरा प्रश्न. राजाच्या मुखांत जें जातें त्यावर ज्याची नजर, त्याच्या हातीं राजाचा प्राण. म्हणून ह्या कामाची वांटणी मोठ्या काळजीनें केलेली असे. शराबदाराकडे पेयांचा सांठा, साकीकडे प्रत्यक्ष पेला, चाश्नीगीराकडे अन्नाची चव राजाच्या आधीं घेऊन पाहण्याचें काम, आणि तश्तदाराकडे हात धुण्याचें तस्त व झारी. आपल्याकडे हुजरे आणि खिजमतगार म्हणत तशींच हीं माणसें. फरक इतकाच कीं, यांच्यापैकीं पुष्कळांच्या कमरेला पुढें तलवार आली.

भय काल्पनिक नव्हतें. आशिया मायनरमधील सेल्जूक सुलतान कैकुबाद हा १२३७ सालीं कैसरी येथें ईदच्या मेजवानींत पक्ष्याचें मांस खाऊन आजारी पडला आणि मेला. तें मांस त्याच्यापुढें ठेवलें तें चाश्नीगीरानेंच. आग्र्यास १५२६ च्या डिसेंबरांत बाबरावर असाच प्रसंग आला. पानिपतावर पडलेल्या इब्राहीम लोदीचे आचारी बाबरानें हिंदुस्थानी पदार्थांच्या हौशीनें आपल्या मुदपाकखान्यांत ठेवले होते. इब्राहीमच्या आईनें तोळाभर विष एका दासीकडून अहमद नांवाच्या चाश्नीगीराकडे पोंचविलें. अहमदनें तें आचाऱ्याला दिलें आणि चार परगण्यांचें आमिष दाखविलें. बाबराला ओकाऱ्या झाल्या आणि तो वांचला. चाश्नीगीराचे तुकडे करण्यांत आले, आचाऱ्याची जिवंतपणीं कातडी सोलण्यांत आली. हें सारें बाबरानेंच आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. चार परगणे हा कांहीं लहान भाव नव्हे. पण बाबराचें राज्य उलथून पडण्याच्या मानानें तो स्वस्तच होता.

हें काम करणारीं माणसें आणलीं कोठून? बहुतेक मध्य आशियांतील तुर्की मुलखांतून, आणि बहुतेक विकत घेऊन. ज्या मुलाला ह्या देशांत बाप नाहीं, भाऊ नाहीं, जात-जमात नाहीं, त्याला धनी हाच एक आधार. म्हणून तो विश्वासू, असा ह्या व्यवस्थेचा हिशेब होता. बुखाऱ्याच्या सामानी राजांच्या पदरीं अशा मुलांची बढती कशी होई, याचें वर्णन सेल्जूक वजीर निजामुल्मुल्क यानें आपल्या 'सियासतनामा' ग्रंथांत केलें आहे. नवा पोर पहिलें वर्ष रिकिबीशेजारीं पायीं धांवे. त्या वर्षांत चोरून जरी घोड्यावर बसला तरी शिक्षा होई. दुसऱ्या वर्षीं साध्या कातड्याच्या खोगिराचा तुर्की घोडा मिळे. पुढें वर्षावर्षानें कंबरपट्टा, बरें खोगीर, गदा. अशीं कांहीं वर्षें निष्ठेनें गेलीं म्हणजे त्याच्या कमरेला पेला लटके, आणि तो साकी किंवा आबदार होई. त्यानंतर वस्त्रागार, मग स्वतःचा तंबू आणि हाताखालीं तीन नवे गुलाम. आणि प्रांताची सुभेदारी मात्र पस्तिशी उलटल्याखेरीज नाहीं. वजिराचें हें चित्र वस्तुस्थितीहून जरा नीटनेटकें असावें. आपल्या काळच्या सुलतानांनीं पोरांना भराभर चढविलें, त्या रागानें तो जुन्या शिस्तीचे गोडवे गात होता.

त्याच ग्रंथांत त्यानें आणखी एक नियम घातला आहे. राजाचा नदीम, म्हणजे मजलशींतला सोबती, ह्याला सरकारी अधिकार देऊं नये आणि अधिकाऱ्याला नदीम करूं नये. कारण राजाशीं सलगी असलेला माणूस अधिकारावर गेला कीं रयतेला छळतो आणि त्याला कोणाचा धाक उरत नाहीं. दिवाणखान्याचें काम निराळें आणि मजलशीची सलगी निराळी, हें तत्त्व योग्यच होतें. पण साकीच्या बाबतींत तें लागू झालें नाहीं. नदीम बोलका, त्याची सर्वांना भीति. साकी मुका. तो पेला भरतो, मागें सरतो, दृष्टि खालीं ठेवतो. त्याच्या देखत कोणता सुभेदार बदलावयाचा, कोणाचा मुलूख जप्त करावयाचा याच्या गोष्टी होतात आणि कोणाला त्यांत कांहीं वाटत नाहीं. वजिराला दुसऱ्या दिवशीं सकाळीं हुकूम कळे; साकीला तो आदल्या रात्रीं कळलेला असे.

ह्या ऐकण्याला किंमत किती, हें गझनीच्या दरबारांतील एका गोष्टीवरून दिसतें. गझनवी दफ्तरखान्यांत उभा जन्म घालविलेल्या अबुल्फज्ल बैहकीनें ती सांगितली आहे, आणि त्याच्या ग्रंथांत जीं पानें वाचतांना मन उदास होतें त्यांपैकीं हीं होत. तुघ्रिल नांवाचा एक मुलगा तुर्कस्तानाकडून सुलतान महमूदाला नजराणा म्हणून आला होता. आयाजच्या खालोखाल ज्या सात-आठ मुलांना महमूदाच्या मजलशींत साकीचें काम होतें, त्यांत त्याची नेमणूक झाली. एके दिवशीं बागेंत मजलस बसली असतां सुलतानाचा धाकटा भाऊ अमीर यूसुफ हजर होता. तुघ्रिल पेला घेऊन आला आणि यूसुफची दृष्टि त्याच्यावर खिळून राहिली. महमूदानें तें पाहिलें. त्यानें भावाची कानउघाडणी केली, वडिलांनीं तुला माझ्या हवालीं केलें होतें याची आठवण दिली, दुसऱ्याच्या घरच्या चाकराकडे असें पाहणें शोभत नाहीं म्हणून बजावलें. आणि मग तो मुलगा त्यालाच देऊन टाकला. यूसुफनें तुघ्रिलला पोटच्या मुलाहून जास्त मानलें. त्याला आपला हाजिब, म्हणजे कारभारी, केलें; त्याचें लग्न अशा थाटानें केलें कीं, जाणत्या लोकांना तें आवडलें नाहीं.

१०३० सालीं महमूद वारला. गादीसाठीं त्याच्या मुलांत तंटा लागला, आणि शेवटीं मसूद सुलतान झाला. यूसुफनें आधीं दुसऱ्या पुतण्याच्या सैन्याचें आधिपत्य केलें होतें आणि मग वारा पाहून बाजू बदलली होती. त्यामुळें मसूदाचा त्याच्यावर विश्वास बसेना. त्याला बलुचिस्तानांत कुस्दारकडे मोहिमेच्या निमित्तानें दूर धाडण्यांत आलें. त्याच्यावर पाळत ठेवावयास माणूस कोण निवडला, तर तुघ्रिल. त्याला मोठ्या जागेचें वचन मिळालें होतें. धनी काय बोलतो, कोणास भेटतो, किती श्वास घेतो, तें सगळें गुप्तपणें सुलतानाकडे जात राहिलें. पुढल्या वर्षीं यूसुफ परत येत असतां वाटेंतच कैद झाला, तेव्हां त्याला हें कळलें. तो कैदेंतच मेला. तुघ्रिलला काय मिळालें? वचन दिलेल्या जागा राहिल्या बाजूला. ज्यानें असा धनी विकला त्याला दुसरा कोणी धनी होईना, आणि तरुणपणींच तो मेला. बैहकी त्याला दोष देतो. पण त्या मुलाला दोन मालकांच्या मजलशीखेरीज दुसरी शाळा कोठें मिळाली होती, हेंही विसरतां येत नाहीं.

तुघ्रिलची चूक अशी कीं, तो ऐकण्याच्याच धंद्यांत राहिला. पेल्यावरून मुलुखावर जो वेळींच सरकला, तो तरला. सेल्जूक सुलतान मलिकशाहाच्या पदरीं अनुश्तगीन नांवाचा तश्तदार होता. अरल समुद्राकाठच्या ख्वारिझम प्रांताचा वसूल राजाच्या तश्तखान्याच्या खर्चाकडे लावून दिलेला असे. त्या निमित्तानें त्या प्रांताचा अधिकार ह्या तस्त धरणाऱ्याकडे आला. १०९७ सालीं त्याचा मुलगा ख्वारिझमचा शाह म्हणून नेमला गेला, आणि पुढें सव्वाशें वर्षें त्या घराण्यानें राज्य वाढवीत नेलें, तें चेंगीझखानाशीं गांठ पडेपर्यंत. हात धुण्याच्या पाण्याच्या खर्चांतून एक साम्राज्य निघावें, असें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण.

गझनीहून ही सारी पद्धत घोरींच्या मार्फत दिल्लीस आली. अल्तमशाच्या पदरच्या तुर्की गुलामांचीं चरित्रें मिनहाज-उस्-सिराज यानें 'तबकात-इ-नासिरी'मध्यें एकामागून एक दिलीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांचा आरंभ मुदपाकखान्यांत किंवा शराबखान्यांत झालेला दिसतो. तुघानखान हा प्रथम सुलतानाचा खास साकी. नंतर त्याला दौतदार केलें. तेथें त्यानें रत्नजडित दौत हरवली. सुलतानानें शिक्षा केली, पण मनांतून काढून टाकलें नाहीं. त्याला चाश्नीगीर केलें, मग तबेल्याचा मुख्य, मग १२३२-३३ च्या सुमारास बदाऊंचा सुभेदार, आणि शेवटीं बंगालमध्यें लखनौतीचा जवळजवळ स्वतंत्र धनी. मिनहाज स्वतः त्याच्या पदरीं कांहीं काळ राहिला होता, त्यामुळें दौतीची हकीकत त्यानें बहुधा खुद्द धन्याच्याच तोंडून ऐकली असावी.

अल्तूनियाची कथा अधिक नाट्यमय आहे. अल्तमशानें विकत घेतल्यावर त्याला पहिलें काम मिळालें तें शराबदाराचें. त्याचें धैर्य पाहून मग त्याला छत्रधाऱ्यांचा मुख्य केलें. अल्तमशाची मुलगी रझिया तख्तावर आली तेव्हां तो तबरहिंद्याचा, म्हणजे आजच्या भटिंड्याचा, सुभेदार झाला होता. १२४० सालीं त्यानें बंड केलें. रझिया त्याच्यावर चालून गेली; वाटेंत तिच्याच सरदारांनीं तिचा विश्वासू हबशी अधिकारी याकूत याला मारलें आणि तिला कैद करून अल्तूनियाच्या स्वाधीन केलें. तिकडे दिल्लींत तिचा भाऊ गादीवर बसला आणि पदांची वांटणी झाली; त्यांत अल्तूनियाच्या वांट्याला कांहींच आलें नाहीं. तेव्हां त्यानें आपल्या कैदेंतील राणीशीं लग्न केलें आणि दोघें मिळून दिल्लीवर निघालीं. त्यांचा पराभव झाला, आणि त्याच वर्षीं कैथलजवळ दोघांचाही अंत झाला. बापाच्या घरीं ज्यानें पेले वाहिले त्याच्याशीं लेकीनें लग्न केलें, ह्यांत प्रेम किती आणि राजकारण किती, हें ठरविण्याचा मोह नाटककारांना आवरत नाहीं. इतिहासकारानें मात्र दोघांनाही त्या क्षणीं दुसरा मार्ग नव्हता एवढ्यावर थांबावें.

मजलशीच्या ह्या गुणांची पुरी जाणीव झालेला दिल्लीचा सुलतान म्हणजे अल्लाउद्दीन खिलजी. लागोपाठ बंडें झालीं तेव्हां त्यानें सल्लागारांना कारणें विचारलीं. बरनीच्या म्हणण्याप्रमाणें त्यांनीं जीं चार कारणें दिलीं, त्यांत मद्याच्या बैठकी हें एक होतें: बैठकींत माणसें एकत्र येतात, जीभ सैल होते, आणि त्यांतून कट शिजतात. अल्लाउद्दीनानें स्वतःपासून आरंभ केला. राजवाड्यांतलें मद्य बदाऊं दरवाजासमोर ओतून टाकण्यांत आलें, आणि तेथें पावसाळ्यासारखा चिखल झाला.

परंतु साकीला खरें राजवैभव आलें तें ईजिप्तमध्यें, मम्लूकांच्या राज्यांत. तेथें राज्यच गुलामांचें होतें. अल्तूनियाच्या अंतानंतर दहाच वर्षांनीं कैरोंतही एका राणीनें असेंच लग्न केलें. अय्यूबी सुलतान सालिह वारल्यावर त्याची विधवा शजर-उद्-दुर्र ही १२५० सालीं तख्तावर आली. तीन महिन्यांच्या आंतच तिला पुरुषाचें नांव पुढें करणें भाग पडलें, आणि तिनें ज्याच्याशीं लग्न केलें तो ऐबक तिच्या नवऱ्याचा चाश्नीगीर होता. हाच पहिला मम्लूक सुलतान. सात वर्षांनीं त्यानें दुसरें लग्न ठरविलें आहे असें ऐकून तिनें त्याला स्नानगृहांत मारविलें, आणि थोड्याच दिवसांत तिचाही तसाच शेवट झाला.

बगदादेंत खलीफांच्या घरींही त्याच सुमारास एक शराबी असाच प्रबळ झाला होता. १२४२ सालीं नवा खलीफा निवडण्याची वेळ आली, तेव्हां इक्बाल अश्-शराबी आणि दौतदार या दोघांनीं मृत खलीफाच्या धाडसी भावाला बाजूस सारून त्याच्या मऊ स्वभावाच्या मुलाला, मुस्तअसिमला, गादीवर बसविलें. आपल्या मुठींत राहील असा धनी त्यांना हवा होता. १२५८ सालीं हुलागूचे मोगल बगदादच्या तटाशीं आले तेव्हां गादीवर होता तो हाच मऊ स्वभावाचा खलीफा. इक्बाल तो दिवस पाहण्यापूर्वीं वारला होता.

मम्लूकांच्या कैरोंत पेला ही लाजेची खूण नव्हती, ती मानाची मुद्रा होती. सुलतानाच्या खास पथकांतील मुलगा सरदार झाला कीं, पूर्वीं केलेल्या सेवेचें चिन्ह आपली निशाणी म्हणून धारण करी: दौतदार दौत काढी, शस्त्रवाहक तलवार, वस्त्रागारवाला चौकोनी रुमाल, आणि साकी पेला. त्या काळच्या पितळी तबकांवर, मिन्याच्या कांचदिव्यांवर, मशिदींच्या भिंतींवर ह्या निशाण्या आजही दिसतात, आणि त्यांत सर्वांत जास्त वेळां दिसतो तो पेलाच. साकीच्या कामांत येथें केवळ पेय देणें नव्हतें. जेवणाचें ताट मांडणें, मांस कापून देणें, आणि ताटें उठल्यावर पेय देणें, असें तें काम होतें. सुलतानापुढें धारदार सुरी हातांत घेऊन उभें राहण्याची मुभा ज्याला, त्याच्या निशाणीचा अभिमान कां नसावा?

सुलतान नासिर मुहम्मद हा तर लहानपणापासून ह्या सेवकवर्गाच्या हातांत सांपडलेला. १३०९ सालीं तो कंटाळून करकच्या किल्ल्यांत निघून गेला आणि बैबर्स नांवाचा चाश्नीगीर सुलतान झाला. त्याचें राज्य वर्षभरही टिकलें नाहीं. नासिर परत आला आणि त्यानें बैबर्सला ठार मारविलें. त्यानें बांधलेली खानकाह, म्हणजे सूफी साधूंचा मठ, कैरोंत अद्याप उभी आहे; तिच्या दर्शनी भिंतीवरील लेखांत एके ठिकाणीं दगड खरवडलेला दिसतो. तेथें बैबर्सच्या सुलतानपदाचा उल्लेख होता.

इतकें सोसल्यावर नासिरनें हुजरे दूर ठेवले असतील, असें वाटेल. घडलें उलट. जुन्या सरदारांवर विश्वास नाहीं म्हणून त्यानें स्वतः निवडलेले साकी पुढें आणले. त्यांत बक्तमूर साकी हा त्याचा जीव कीं प्राण. सुलतान त्याच्या घरीं जाऊन राही, जेवे. १३३२ सालीं दोघे मिळून हजला गेले. परतीच्या वाटेवर आधीं बक्तमूरचा मुलगा अहमद मेला, आणि मागोमाग बक्तमूर. त्या काळीं फिरत असलेल्या इब्न बतूतानें लोकांच्या तोंडची हकीकत नोंदविली आहे, ती अशी: बापलेकांनीं कट केल्याचा सुलतानाला संशय आला, एका कडक उन्हाच्या दिवशीं त्यानें अहमदला बोलावून एक पेला आपण प्याला, आणि दुसरा त्याला दिला. मुलाच्या शोकानें बक्तमूरनें अन्नपाणी वर्ज्य केलें, तेव्हां सुलतान स्वतः गेला, त्याच्या हातीं पेला दिला आणि आपल्या गळ्याची शपथ घालून प्यावयास लावला. इब्न बतूता ऐकीव गोष्टी सढळ हातानें देतो, तेव्हां ही अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. पण कैरोंतल्या लोकांना ती खरी वाटली. एवढा प्रबळ साकी मरावयाचा तर पेल्यानेंच, आणि पेला द्यावयाचा तर धन्यानेंच, हें त्यांना सुचलें यांतच त्या जागेचें स्वरूप आलें.

बक्तमूरच्या मागें कौसून पुढें आला. हा गुलाम म्हणून आलेला नव्हता. १३२० सालीं व्होल्गाकांठच्या मोगल राज्याची राजकन्या सुलतानाशीं लग्नासाठीं आली, तिच्या परिवाराबरोबर किरकोळ माल विकावयास आलेला तो एक तरुण. सुलतानाची त्याच्यावर नजर गेली, आणि तो साकी झाला, मोठा अमीर झाला, सुलतानाचा जांवई झाला. जून १३४१ मध्यें नासिर वारला. अबूबक्र नांवाच्या मुलाला गादी मिळाली, ती दोन महिने. कौसूननें त्याला उतरवून दूर दक्षिणेंत धाडलें, तेथें त्याला मारण्यांत आलें, आणि पांच-सहा वर्षांच्या कुजुक नांवाच्या मुलाला तख्तावर बसविण्यांत आलें. कारभार अर्थातच कौसूनचा. बुघानें खलीफाच्या मजलशीचीं दारें लावलीं होतीं. कौसूननें आतां राज्याचींच दारें लावून घेतलीं.

तीं पांच महिने लागलेलीं राहिलीं. धनी जिवंत असतांना ज्या नात्यानें सर्व सरदार त्याच्यापुढें वांकत, तें नातें धन्याबरोबर गेलें होतें. सीरियांतले सुभेदार उठले, कैरोंतले अमीर फिरले, आणि १३४२ च्या आरंभीं किल्ल्याखालीं वेढला गेलेला कौसून शरण आला. त्याचा वाडा लोकांनीं लुटला. त्याला अलेक्झांड्रियाच्या तुरुंगांत नेण्यांत आलें आणि त्याच वर्षीं तेथें त्याचा शेवट झाला. किल्ल्याच्या पायथ्याशीं असलेल्या त्या वाड्यांत पुढें दुसरे अमीर राहिले. त्याचें उंच कमानीचें प्रवेशद्वार सुलतान हसनच्या मशिदीमागें अजून उभें आहे.